कोब्यावरची ऊब

१

दिगंबर इंगवल्यांच्या तळपायाला जगातली कुठलीही फरशी फसवू शकत नाही. कऱ्हाड, मलकापूर, ओगलेवाडी या पट्ट्यात चाळीस वर्षं त्यांनी शहाबादी बसवली, मोझॅक घासला, कोबा ओढला. डोळे बांधून चालवा, उतार कुठे चुकलाय ते सांगतील. एवढा मोठा माणूस साठाव्या वर्षी स्वतःच्याच न्हाणीघरात, स्वतःच बसवलेल्या फरशीवर घसरला आणि तीन महिने पाठीवर पडून राहिला. ही गोष्टही तेच सगळ्यांना सांगत, कारण दुसऱ्या कुणी सांगितली तर तिच्यातली मजा जाते.

घरात त्यांना आबा म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, तेही दोनदा. थट्टा हा त्यांचा खरा धंदा, फरशी आपली जोडीला. चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात सहा महिन्यांच्या व्हिसावर ते क्युपर्टिनोला मुलाकडे आले आणि आठवड्याभरात त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्याला नुसत्या खुणांनी पटवून दिलं, की आपण भारतात हत्तींचे डॉक्टर होतो. तो बिचारा दर सोमवारी आपलं मांजर घेऊन यायचा. आबा मांजराची नाडी बघायचे, मान हलवायचे आणि बोटांनी दाखवायचे: दूध कमी करा.

मुलगा श्रीरंग कंप्यूटरच्या कंपनीत होता. आपण तिथे काय करतो हे त्यानं आबांना तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्याचं त्यालाच नीट कळेना. सून प्रतिमा एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, घरी यायला सहा वाजत. आणि नात नीला, वय आठ. तीन वाजता शाळेतून यायची, गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून अपार्टमेंटचं दार उघडायची, आतून कडी लावायची आणि टीव्हीसमोर बसायची. फोन दोनदा वाजून बंद पडला आणि पुन्हा वाजला, तरच उचलायचा. तो आईचा असायचा. आबा यायच्या आधीच्या उन्हाळ्यात, नीला आत एकटी असताना, बाहेरून कुणीतरी दोनदा दाराची मूठ फिरवून पाहिली होती. काही झालं नाही. पण प्रतिमा तेव्हापासून रोज तीन ते सहा काचेखालचं रक्त पाहत नव्हती, घड्याळ पाहत होती.

आबा आले आणि तीन वाजता दार उघडायला माणूस झाला. फेब्रुवारीत ते परत जाणार होते. प्रतिमानं एकदाच, ताटं वाढताना, विचारलं होतं की व्हिसा अजून सहा महिने वाढवून मिळतो, थांबाल का. आबा म्हणाले, "अगं, मी नसलो तर कऱ्हाडची माणसं शहाणी होतील." सगळे हसले. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्याऐवजी तिनं घर शोधायला काढलं. शेजारपाजार धड असलेलं, स्वतःचं दार असलेलं घर, फेब्रुवारीच्या आत.

पहिलं घर शाळेला लागून होतं आणि सगळ्यांना आवडलं होतं. आबांनी खिशातून काचेची गोटी काढली, उतार बघतो म्हणाले आणि जमिनीवर सोडली. गोटी घरंगळत पार भिंतीला जाऊन टेकली. श्रीरंग घाबरला, पाया खचलाय म्हणून त्यानं सगळं कॅन्सल केलं. चार दिवसांत ते घर दुसऱ्या कुणी घेतलं. पुढे एका रविवारी पाहुणे जेवायला असताना आबांनी मोठ्या खुशीत सांगून टाकलं, की गोटीला आपणच अंगठ्यानं टिचकी मारली होती. पाहुण्यांपैकी एकजण हसला आणि मग इकडेतिकडे बघू लागला. प्रतिमानं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. दोन दिवस ती आबांशी बोलली नाही.

त्यानंतर टेकडीवरचं घर आलं.

२

जानेवारीचा शनिवार होता, सकाळचे अकरा. रस्ता वळणं घेत वर चढला आणि एका लांबलचक तपकिरी लाकडी भिंतीपाशी येऊन थांबला. रस्त्याच्या बाजूनं पाहिलं तर घर असं दिसतच नव्हतं. खिडकी एकही नाही, मधे फक्त एक नारिंगी दार. दाराच्या मुठीला नंबराची डबी लटकवलेली, डबीत किल्ली.

घर दाखवणारी बाई कॅरल. ती हसली की सगळे दात एकदम दिसत, जणू तेही विक्रीला काढले होते.

दारात आबांनी सवयीनं वहाणा काढल्या. प्रतिमा हळूच म्हणाली, आबा, इथे नाही काढत. श्रीरंगनं आपले बूट तसेच आत नेले. अमेरिकेत नऊ वर्षं काढली की माणूस एवढं शिकतोच. नीलानं मात्र आजोबांकडे बघितलं आणि आपले बूट-मोजे काढून त्यांच्या वहाणांशेजारी नीट लावून ठेवले. कॅरलला वाटलं हा काहीतरी धार्मिक विधी असावा. तिनं मान झुकवली. आबांनीही मोठ्या गांभीर्यानं झुकवली.

आत पाऊल टाकलं आणि थट्टा तोंडातच राहिली. समोर भिंतच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत सलग काच, आणि काचेपलीकडे सगळं खोरं: उरल्यासुरल्या जर्दाळूच्या बागा, चपट्या छपरांची ऑफिसं, पार तिकडे खाडीची राखी रेघ. छताच्या लाकडी तुळया काचेतून आरपार बाहेर गेलेल्या. अर्धं घर टेकडी खोदून आत बसवलेलं, उरलेला लाकडी गच्चीचा भाग लोखंडी खांबांवर अधांतरी. भिंतीतच बसवलेले बाक, भिंतीतच बसवलेली कपाटं. छपन्न साली एका आर्किटेक्टनं बांधलेलं, अशी घरं आता कुणी बांधत नाही, असं कॅरल दोनदा म्हणाली. घर वर्षभर रिकामं आहे हेही म्हणाली. का, ते म्हणाली नाही.

आबांनी खाली बघितलं, आणि त्यांना एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. जमीन लाल होती. गुळगुळीत, सांधा नसलेली, जांभळट लाल. सात समुद्रांपलीकडे, आर्किटेक्टच्या बंगल्यात, साधा लाल कोबा.

"अरे, ही तर आपली जमीन," ते म्हणाले आणि अंगठ्यानं घासून बघू लागले. काम चोख होतं. उतार नाही, पोकळी नाही, जमीन बर्फासारखी गार. जानेवारीत रिकाम्या घराची असावी तशीच.

मग बाकाजवळ त्यांचा डावा पाय उबेवर पडला.

३

आबा थांबले. उजवा पाय शेजारी ठेवला. तिथेही ऊब. अर्धं पाऊल इकडे सरकवलं तर गार. तिकडे सरकवलं तर गार. ऊब होती ती दोनच ठिकाणी, शेजारी शेजारी, प्रत्येक एका पावलाएवढी.

ऊन असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. पण ऊन अजून गच्चीवरच होतं, आत आलंच नव्हतं. त्यांनी श्रीरंगला हाक मारली आणि कॅरलला विचारायला लावलं. कॅरलचा चेहरा उजळला. हे तर घराचं वैशिष्ट्य, ती म्हणाली. जमिनीत तांब्याच्या नळ्या आहेत, त्यांतून गरम पाणी फिरायचं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, की म्हणजे पूर्वी फिरायचं. नळ्या गळू लागल्यावर सत्तर सालच्या सुमारास ते बंद केलं.

आबांनी ती जागा बघायचा हट्टच धरला. कपाटाएवढ्या खोलीत बॉयलर नव्हता. भिंतीतून दोन तांब्याच्या नळ्या बाहेर आल्या होत्या, कापलेल्या, तोंडं दाबून बंद केलेल्या. त्यांच्यावर धूळ बसली होती. आबांनी नळ्यांना हात लावला. गार.

ते परत बाकाजवळ आले. ऊब नव्हती.

दिगंबर इंगवले हसले. अशा वेळी माणसानं हसावं, म्हणजे आपण घाबरलोय की नाही हे आपल्याला लगेच कळत नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "श्रीरंग, तुझ्या घरात एक भाडेकरू आहे बरं का." श्रीरंगनं ऐकलंच नाही. प्रतिमा काचेपाशी उभी होती. ती वळली नाही, पण आबांना तिची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीनं स्पष्ट सांगितलं, की गोटीचा खेळ एकदाच चालतो.

४

घरी आल्यावर श्रीरंग आणि प्रतिमा रात्रीच्या जेवणापर्यंत त्या घराबद्दलच बोलत होते. शाळा पायथ्याशीच. शेजारच्या घरात निवृत्त मास्तरीण. किंमत त्यांच्या आवाक्यातली, त्या टेकडीवरच्या इतर कुठल्याच घराची नसेल अशी. प्रतिमानं कागदावर खोल्यांचं चित्र काढून नीलाचं टेबल कुठे येईल ते आखलं. कित्येक महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती.

आबा न्हाणीघरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तिथल्या जमिनीवर प्लास्टिकची चादर चिकटवलेली होती. आबा अनवाणी, एका जागी, पाच मिनिटं हलले नाहीत. मग बाजूला होऊन वाकले, तळहात टेकवला आणि मोजू लागले. पंधरापर्यंत ऊब चांगली होती. वीसला पुसट झाली. सत्तावीसला काही नाही. त्यांनी पुन्हा केलं. एकतीसला काही नाही. कोबा तर याहून गार, तिथे वीसच धरा.

म्हणजे बाकाजवळ आपला पाय पडला त्याच्या आधीच्या वीस आकड्यांतच तिथून कुणीतरी उठलं होतं. आबांनी माणसं मोजली. श्रीरंग, प्रतिमा आणि कॅरल बुटात. बुटातून ऊब उतरत नाही. आपण स्वतः दाराकडून येत होतो. नीला अनवाणी, पण गच्चीवर, काचेच्या बाहेर. तिथून ती आपल्याला वेडावून दाखवत होती.

हिशेब पक्का होता आणि त्याचं उत्तर लिहायला जागा नव्हती.

दारावर टकटक झाली. आजोबा एवढा वेळ आत काय करतात ते बघायला नीला आली होती. आबांनी तिला आत घेतलं आणि हा खेळ आहे असं भासवून तिला उभं केलं, बाजूला केलं, हात टेकवायला लावला. तिनं मोजलं, तेही अमेरिकन पद्धतीनं, आकडा बरोबर सेकंदाचा व्हावा म्हणून प्रत्येकामागे हत्ती म्हणत. बावीस हत्तींना ऊब गेली.

"तिथली जात नाही, आजोबा," नीला म्हणाली. "इट वेट्स."

आबांनी विचारलं, कोण थांबतं. तिनं खांदे उडवले. "यू स्टेप ऑन, अँड देन इट गोज." आणि टीव्हीवर तिचा कार्यक्रम लागला होता म्हणून ती पळाली.

त्या रात्री आबांनी मुलाला सगळं सांगितलं. हसू येईल असं एकही वाक्य घातलं नाही, आणि तिथेच चुकलं. श्रीरंगनं सत्तेचाळीस वर्षांत, म्हणजे स्वतःची छत्तीस आणि आईकडून ऐकलेली अकरा, बापाला इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलताना कधी पाहिलं होतं ते आठवून पाहिलं. फक्त थापा मारताना. तो म्हणाला, "आबा, प्लीज. या वेळी नको. प्रतिमा खरंच मोडेल."

५

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला ते पुन्हा वर गेले. दुपारी दुसरं एक कुटुंब घर बघायला येणार होतं, तेव्हा ऑफर आत्ताच लिहून द्यावी असं कॅरलचं म्हणणं होतं. खोऱ्यात धुकं भरलं होतं. काचेपलीकडे काहीच नव्हतं, नुसता पांढरेपणा, अगदी काचेला लागून. त्यामुळे घर आतून लहान वाटत होतं, झाकण लावलेल्या डब्यासारखं.

श्रीरंग, प्रतिमा आणि कॅरल कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. ते खोलीच्या एका बाजूला, अर्ध्या भिंतीमागे होतं. कॅरलचा आवाज ऐकू यायचा, दिसायचं काही नाही. नीला झोपायच्या खोल्यांकडे गेली. आबांनी तिला बूट काढू नकोस असं बजावलं होतं. तिनं ते इंग्रजीत ऐकलं असावं.

आबांनी स्वतः मात्र वहाणा काढल्या. काढायच्या नाहीत असं ठरवून आले होते. पण गार जमिनीवर अनवाणी उभं राहून काहीच नाही असं सिद्ध करायचं, उगाच पोराच्या संसारात नाक खुपसलं म्हणून मनाशी माफी मागायची आणि फेब्रुवारीत निश्चिंत जायचं, हे त्याहून बरं वाटलं.

दारापाशी गार. बाकाजवळ गार. ते खोलीच्या मधोमध आले.

ऊब. दोन पावलं.

पुढे सरकले. दीड हातावर पुन्हा दोन पावलं. मग पुन्हा. कुणीतरी त्यांच्या पुढेपुढे चालत होतं, फार लांब टांगा नाहीत, घाई नाही, घर दाखवणाऱ्या माणसासारखं. काचेपासून हातभर अलीकडे ऊब थांबली. तिच्यापुढे जमीन गार होती.

आबांना पुढे काय करायचं सुचेना, म्हणून त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. घसा खाकरला आणि अर्धवट आवाजात म्हणाले, "काय पाव्हणं, कुठलं गाव?"

स्वयंपाकघरात कॅरल कुठल्याशा कलमाबद्दल बोलत होती. वरची एक तुळई कटकन वाजली, लाकूड थंडीत वाजतं तशी.

मग ऊब वाढली. इतकी, की त्यांना ओळखीची वाटू लागली. ही जमिनीची ऊब नव्हे. जमीन अशी मऊ नसते. तळव्याखाली मधे उंच आणि कडेला उतरतं काहीतरी होतं, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उतारांवर उभ्या राहिलेल्या त्या तळव्यांनी ते डोक्याच्या आधी ओळखलं. आपण कुणाच्या तरी पायांवर उभे आहोत.

आबा झटकन बाजूला झाले. आणि कुणाला पाय लागल्यावर आपल्याकडे लहानपणापासून जे हातून आपोआप होतं ते झालं. ते वाकले, पाया पडून हात कपाळाला लावायला. हात खाली नेला.

हात कोब्याला लागायच्या आधीच उबेला लागला. जमिनीच्या वर, दोन बोटं.

त्यांनी बोटं खाली दाबली नाहीत. तशीच मागे घेतली. मग दुसऱ्या हातानं, शेजारीच, जमीन चाचपली. बर्फ.

६

आबा किती वेळ वाकलेले राहिले ते सांगता येत नाही. कंबर दुखू लागल्यावर ते सरळ झाले. मनात त्यांनी कारणं मांडायला सुरुवात केली, फरशीचा माल मांडतात तशी. म्हातारपणी रक्त नीट फिरत नाही. हात सुन्न होतात. कालच प्रतिमा म्हणाली होती, आबा, साखर तपासून घेऊ या. साखर असेल. साखरेनं माणसाला काहीही वाटतं. हे कारण त्यांना इतकं आवडलं, की आजाराबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात नीला हसली.

हसणं बोळाच्या टोकाकडून आलं. एकटी पोर हसते तसं नव्हतं. कुणीतरी हसवल्यावर हसते तसं. आबा बोळाच्या तोंडाशी गेले.

बोळ लांब होता, एका बाजूला भिंतीतली कपाटं, दुसऱ्या बाजूला धुक्यानं पांढरी झालेली काच, आणि शेवटी झोपायच्या खोलीचं दार. नीला त्या दाराकडून त्यांच्याकडे पाठ करून येत होती. म्हणजे उलटी चालत होती. दोन्ही हात वर, मुठी वळलेल्या, कुणाची तरी बोटं धरल्यासारख्या. मान मागे टाकून वर बघत होती. बूट पायात नव्हते.

हा खेळ आबांनीच तिला शिकवला होता. अपार्टमेंटच्या गालिच्यावर, तीन वाजल्यानंतर. आजोबांच्या पावलांवर पावलं ठेवायची, त्यांचे हात धरायचे, आजोबा चालतील तसं चालायचं. आजोबा मुद्दाम मोठ्या टांगा टाकतात, आणि नातीचे पाय त्यांच्यासोबत ओढले जातात.

नीलाचे पाय तसेच ओढले जात होते. आठ वर्षांच्या पोरीला झेपणार नाहीत एवढ्या टांगा. एक. मग थांबून दुसरी.

आबांनी चेहऱ्यांकडे कधी फार पाहिलं नव्हतं. धंदाच तसा. त्यांची नजर खाली गेली. ज्या माणसाला दोन सूत फट दहा फुटांवरून दिसते, त्याला हे दिसायला वेळ लागला नाही. नीलाच्या तळव्यांखाली लाल जमीन नव्हती. तळवे आणि जमीन यांच्यामधून पलीकडच्या काचेचा पांढरा उजेड आरपार येत होता. दोन बोटं. टांग पडली तरी तेवढाच.

ती आणखी एक टांग त्यांच्याकडे आली.

"नीला," आबा म्हणाले. आवाज असा निघाला की त्यांना वाटलं दुसरंच कुणी बोललं.

ती वळून बघायला लागली आणि तोल गेला. थप्प असा आवाज झाला. दोन अनवाणी पावलं दोन बोटं उंचीवरून कोब्यावर पडावीत, एवढाच. नीला तिथेच उभी राहिली, हात अजून वर. चेहऱ्यावर राग होता.

"आजोबा, यू स्केअर्ड हिम," ती म्हणाली.

७

आबांनी तिला कडेवर घेतलं. कडेवर घ्यायचं वय तिचं राहिलं नव्हतं आणि घ्यायची कंबर त्यांची राहिली नव्हती. तिचे तळवे त्यांच्या हातात होते. तासभर गार कोब्यावर अनवाणी हिंडलेल्या पोरीचे तळवे आत्ताच शेकोटीपाशी धरल्यासारखे गरम होते.

स्वयंपाकघरात कागद ओट्यावर पसरले होते. श्रीरंगची सही झाली होती. कॅरलनं पेन प्रतिमाकडे सरकवलं होतं, आणि आबांना पाहून तिनं सगळे दात दाखवले.

"तो कागद फाड," आबा श्रीरंगला म्हणाले.

श्रीरंगनं मान वर केली आणि थकल्यासारखा हसला. आबांनी नीलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. असली शपथ त्यांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती, खोटी तर नाहीच. मग सगळं सांगितलं. सत्तावीस आकडे, कापलेल्या नळ्या, हाताला लागलेलं ते, बोळ, दोन बोटांचा उजेड. एकही शब्द सजवला नाही. बोलता बोलता त्यांच्या लक्षात येत होतं, की हे सगळं नेमकं त्यांच्याच एखाद्या थापेसारखं ऐकू येतंय. तपशील तेवढेच चोख, चेहरा तेवढाच सरळ.

श्रीरंगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कॅरलला इंग्रजीत सांगितलं, की वडिलांना जरा बरं नाही. कॅरलनं लगेच नळाचं पाणी पेल्यात भरून दिलं. नीला आजोबांच्या खांद्यावरून मागे, बोळाकडे, बघत होती. आबांनी तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. तिनं परत तिकडे केलं.

मग आबा सुनेकडे वळले. ती चिडली नव्हती, हसलीही नव्हती. पेन तिच्या हातात होतं, टोक कागदावर टेकलेलं, अजून शाईची रेघ नाही. आबांना वाटलं, हिला पटेल. रोज काचेखाली माणसाचं रक्त बघणारी बाई, हिला दिसतं ते नाकारायची सवय नाही.

आणि धंद्याच्या सवयीनं त्यांची नजर खाली गेली.

प्रतिमाचे बूट कपाटाशी, शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेले होते. मोजे गुंडाळून त्यांत घातलेले. ती लाल जमिनीवर अनवाणी उभी होती. बोटातलं जोडवं दिसत होतं. पावलांमध्ये थोडं अंतर होतं, बोटं मोकळी, पसरलेली. थंडीत कुणी चुलीपुढे पाय धरावेत तशी.

"सूनबाई," आबा अगदी हळू म्हणाले, "पायाखाली काय आहे ते कळतंय ना तुला?"

"कळतंय, आबा," प्रतिमा म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही, नजर कागदावरून काढली नाही. "मागच्या शनिवारीच कळलं, तुम्ही नळ्या बघायला गेलात तेव्हा बूट काढून बघितलं. पण तुम्ही फेब्रुवारीत निघालात. तीन वाजता माझी पोर कुलूप उघडून आत येते, तेव्हा घरात कुणीतरी असायला नको?"